वाघ्याला साखळी नको, सावलीत ओली जागा द्या

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही नवरा-बायको दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. अंबाजोगाईच्या बाहेर पाच गुंठे जागा आहे, दोन खोल्या बांधल्यात, बोअरला पाणी बरं आहे. मोकळ्या सगळ्या जागेत माळवं केलंय. पहाटे पाचला मोटार चालू करतो, मग पाणी, खुरपणी, दहापर्यंत काढणी. ऊन उतरलं की पुन्हा तेच. भाजी एवढी निघते की शेजारी, भावकी, जुने सहकारी, सगळ्यांकडं पिशव्या जातात.

अडचण वाघ्याची आहे. चार वर्षांचा गावठी कुत्रा, जीव लावलेला. पण वाफ्याला पाणी दिलं की तासाभरात त्यानं तो उकरलाच म्हणून समजा. दसऱ्यानंतर टाकलेली मेथी उधळली, बांधाकडची कोथिंबीर तर पार गेली. दुकानदार म्हणाला एरंडीची पेंड टाका, जमिनीला जोर येईल आणि वासानं कुत्रं जवळ येणार नाही. टाकली, तर हा जास्तच उकरायला लागला. बांधाला उंदरांची बिळं आहेत, तिथं औषध कणकेत घालून गोळ्या ठेवल्यात. मी साखळी आणलीय, पण आमच्या बाई बांधू देत नाहीत. भेंडीची पानं पिवळी पडलीत. माझे गुडघे धरलेत. मुलगा पुण्याहून म्हणतो, कशाला राबता, इकडं या. काय करावं?

(खाली वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात: "मला सकाळी योगेश्वरीच्या देवळापर्यंत चालत जायची इच्छा आहे. माळव्यामुळं होत नाही. वाघ्याला बांधू नका, एवढंच.")

उत्तर

गुरुजी, पुढचं वाचण्याआधी उठा आणि बांधावरच्या कणकेच्या गोळ्या उचला. हातमोजे घाला, किती ठेवल्या होत्या ते आठवा आणि तेवढ्याच सापडतात का बघा. एखादी कमी भरली तर उंदरानंच नेली असेल असं धरून चालू नका. पुढचे काही दिवस वाघ्याच्या खाण्यापिण्यावर आणि शी-शूवर नजर ठेवा.

उंदरांचं औषध म्हणून आपल्याकडं जी करडी-काळी पूड मिळते ती बहुतेक वेळा झिंक फॉस्फाईड असते. पोटातल्या आम्लाशी तिचा संबंध आला की फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. दुसऱ्या प्रकारात ब्रोमॅडिओलोनच्या वड्या येतात. त्यांनी रक्त गोठायचं थांबतं आणि जनावर तीन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, अचानक गळाठून जातं. त्यावर मात्र के जीवनसत्त्वाचा उपचार आहे, वेळेत दिला तर जनावर वाचतं. म्हणून पाकीट फेकू नका. गरज पडलीच तर डॉक्टरांना आधी ते दाखवा, म्हणजे काय द्यायचं हे त्यांना लगेच ठरवता येईल. विष खाल्लेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला तरी धोका असतोच, तेव्हा मेलेले उंदीर दिसले तर फडक्यानं उचलून खोल पुरा. आणि वाघ्या बंद खोलीत ओकला तर दारं-खिडक्या सताड उघडा, त्याच्या तोंडाशी वाकून बसू नका, कारण तो वायू माणसालाही बाधतो. दूध, ताक, तेल पाजत वेळ घालवू नका. सरळ दवाखाना गाठा. तिथल्या डॉक्टरांचा नंबर आजच दाराच्या मागं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता पेंड. एरंडीच्या बीत रायसिन हे जहाल विष असतं. तेल गाळलं तरी ते तेलात उतरत नाही, चोथ्यात म्हणजे पेंडीत राहतं. पेंड व्यवस्थित तापवली तर ते निकामी होतं, पण तुमच्या पोत्यातली पेंड कशी तयार झाली हे दुकानदारालाही माहीत नसतं. त्याचा सल्ला जमिनीपुरता बरोबर होता, खत म्हणून पेंड चांगलीच आहे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तो पार उलटा होता. एरंडीच्या पेंडीचा वास कुत्र्याला खाण्यासारखा लागतो. वाघ्या जास्त उकरायला लागला तो हट्टानं नाही, तुम्ही मातीत खाऊ पुरलाय असं त्याला वाटतंय. पोटात गेली तर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उलट्या, रक्ताची हगवण, पोट दाबलं की विव्हळणं आणि अंग टाकणं अशी लक्षणं दिसतात. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका.

पेंड टाकलेल्या वाफ्यांची वरची माती खरवडून खोल खड्ड्यात टाका आणि त्या वाफ्यांना हा हंगाम संपेपर्यंत पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, कूड घाला. उरलेलं पोतं त्याच्या तोंडाला येणार नाही अशा ठिकाणीही ठेवू नका, घरातूनच काढा. जमिनीला जोर हवा असेल तर चांगलं कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड घाला. निंबोळी कडू असते, कुत्रं सहसा तोंड लावत नाही. हाडांचा चुरा टाळा, त्याच्या वासानं तो पुन्हा खणत बसेल.

तुमच्या कंपोस्टच्या खड्ड्याबद्दल पत्रात काही नाही, पण घरात रोज भाजी निवडली जाते म्हणजे खड्डा असणारच. कांदा-लसणाची टरफलं आणि पात, द्राक्षं, मनुके हे कुत्र्याला विषच आहे. कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मक्याचं कणीस खाऊन झालं की उरलेलं बुरकुंडं फेकलं जातं, ते कुत्र्यानं गिळलं तर आतड्यात अडकतं आणि पोट फाडून काढावं लागतं. खड्ड्यावर जाळीचं झाकण बसवा. वाघ्याची विष्ठा त्या खड्ड्यात टाकू नका, तिच्यातल्या जंतांची अंडी पालेभाजीवर यायला नकोत. ती वेगळी पुरा.

आता उकरण्याचं बघू. तुम्हीच लिहिलंय की पाणी दिलं की तासाभरात. उत्तर त्यातच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, नाहीतर पोट टेकायला गार जागा शोधतो. आपली काळी माती ओली झाली की उकरायला मऊ होते आणि वरच्या थराखाली गारवा असतो. वाघ्या तो वरचा थर बाजूला सारून खालच्या गारव्यात पोट टेकतो. वाफा उधळण्याची त्याला काही हौस नाही. शिवाय ताज्या मातीत गांडुळं, हुमणी, शेणखत, नाना वास असतात. बांधाकडची कोथिंबीर गेली त्याचं कारण मात्र वेगळं. तिथं तो उंदरामागं गेला असणार. म्हणजे उकरणं एकच दिसलं तरी कारणं दोन आहेत, आणि साखळीनं त्यातलं एकही जात नाही. दिवसभर बांधलेलं कुत्रं जास्त भुंकतं, चिडकं होतं आणि सोडल्या सोडल्या पहिलं काम वाफ्यातच करतं. बाई बांधू देत नाहीत हे बरोबर करतात.

त्याला त्याची जागा द्या. कडुलिंबाच्या किंवा ज्या कुठल्या झाडाच्या सावलीत चार फूट बाय तीन फुटांचा, हातभर खोल खड्डा घ्या, त्यात निम्मी वाळू, निम्मी माती भरा आणि दुपारी झारीनं शिंपडा. पहिले काही दिवस त्यात शिळ्या भाकरीचा तुकडा किंवा त्याचं आवडतं हाडूक पुरून ठेवा आणि वाफ्याकडं वळला की आवाज न चढवता तिकडं न्या. तिथं उकरलं की शाबासकी द्या. गावठी कुत्र्यांना अशा गोष्टी पटकन समजतात. मार मात्र नको. मारानं तो तुमच्यासमोर उकरणं थांबवेल, तुमच्या मागं नाही.

आणि पेरणीनंतर वाफा उघडा ठेवू नका. तुमच्याकडं तुरीची सोंगणी झाल्यावर तुराट्या मिळतील, आत्ता पऱ्हाट्या मिळतील. त्या आडव्या-उभ्या अशा टाका की मधल्या फटीत कुत्र्याचा पंजा बसणार नाही पण कोंब वर येईल. मेथी चार-पाच दिवसांत वर येते. धने रगडून दोन फाका केले आणि रात्रभर भिजवले तरी त्यांना आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा कोथिंबिरीवर काड्या जास्त दिवस ठेवा. रोपं बोटभर झाली की काड्या काढून घ्या. बोरीच्या काट्यांच्या फांद्या टाकायची जुनी पद्धत आहे, पण वाघ्याच्या पायात आणि तुमच्या हातात काटा मोडायला नको. बांधाच्या बिळांसाठी पिंजरे लावा, बिळं दगड-मातीनं ठोकून बुजवा आणि तिथलं गवत कापून टाका. आडोसा गेला की उंदीर तिथं फार थांबत नाहीत. तुराट्यांचा जास्तीचा ढीग मात्र घराला लागून रचू नका. त्यात घोणस येऊन बसते, आणि वाघ्या एकाच जागी तोंड करून भुंकायला लागला तर काठीनं ढोसून बघू नका, मागं सरका.

बाईंनी खाली लिहिलेली ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. गुरुजी, तुमच्या पत्रात दिवसाचा हिशेब आहे, मोटार कधी, पाणी कधी, काढणी कधी. पण त्या सगळ्या घरांत जाणारी मेथी निवडतं कोण? कोथिंबिरीच्या मुळांची काळी माती धुतं कोण, जुड्या कोण बांधतं? आपली माती वाळली की दगड आणि ओली असली की मेणासारखी चिकटते, एक जुडी स्वच्छ करायला किती वेळ जातो हे निवडणाऱ्याच्या नखांना विचारा. त्यात चहा, नाश्ता, दोन वेळचा स्वयंपाक. तुमचं काम दहाला थांबतं. बाईंचं तेव्हा निम्मंही झालेलं नसतं. तीस-पस्तीस वर्षं शाळा आणि घर दोन्ही ओढून त्या निवृत्त झाल्या आणि मागतायत काय, तर देवळापर्यंतची एक फेरी. ती त्यांना मिळालीच पाहिजे. हे मी माळव्याच्या सल्ल्यात ओढूनताणून आणत नाही. वाघ्याचं उकरणं, तुमचे गुडघे आणि बाईंची फेरी, तिन्हीचं उत्तर दिवसाच्या पहिल्या तासातच आहे.

पहाटे पाचला मोटार लावू नका. पाचला वाघ्या ताजातवाना असतो, त्याचे पाय शिवशिवत असतात, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही त्याच्यासमोर सगळे वाफे ओले करून ठेवता. त्याऐवजी उजाडलं की तिघं निघा. रस्त्यावर वाघ्याला दोरी लावा, देवळाच्या गर्दीत तुमच्यापैकी एकानं त्याला घेऊन बाहेर थांबा. येऊन चहा घ्या, मग माळव्यात शिरा. सध्याच्या थंडीत सकाळी आठ-नऊला पाणी दिलं तर पिकाला चांगलंच, दव वाळलेलं असतं. चालून दमलेला वाघ्या तोवर सावलीत पसरलेला असेल. उन्हाळ्यात हे उलटं करा. चालणं उजाडायच्या आत, खुरपणी लगेच, आणि पाणी संध्याकाळी ऊन उतरल्यावर. मार्चनंतर दुपारी कुत्र्याला डांबरी रस्त्यावर नेऊ नका, आपण तळहात टेकवू शकत नाही तिथं त्याचे पंजे भाजतात. दुपारी काम नाहीच. भांड्यात पाणी, खड्ड्यावर शिंपण, आणि तुम्ही दोघं पडा.

खुरपणी वाफसा बघून करा. माती हातात दाबली तर गोळा व्हावा आणि टाकला की फुटावा, तेव्हा तण मुळासकट येतं. ओल्या मातीत खुरपलं तर ढेकळं होतात, वाळल्यावर खुरपलं तर मनगट जातं. हे तुम्हाला ठाऊकच असणार, पण रोज ठरल्या वेळी खुरपायचा नेम धरला की माणूस हे विसरतो. वाफसा नसलेल्या दिवशी खुरपं हातात घेऊच नका.

आणि माळवं कमी करा. पाच गुंठे म्हणजे जवळजवळ साडेपाच हजार चौरस फूट. दोन माणसांच्या पोटाला तीन फूट बाय दहा फुटांचे दहा-बारा गादीवाफे पुरतात, पाहुणे आले तरी. वाफे फूटभर उंच करा, मग पावसाळ्यात काळ्या मातीत मुळं सडत नाहीत. तीनच फूट रुंद ठेवा म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो, आत पाय ठेवावा लागत नाही. मधल्या वाटा दोन फुटांच्या ठेवा, त्यावर सोयाबीनचं भुसकट अंथरा. कुत्रं वाट कळली की वाटेनं चालतं. गुडघ्यांसाठी उकिडवं बसणं बंद, बुटका स्टूल घ्या आणि लांब दांड्याचं खुरपं करून घ्या, गावातला लोहार अर्ध्या दिवसात करून देईल. दुखणं वाढत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तुम्हाला त्यासाठी लांब जायचीही गरज नाही.

मेथी-पालक एकदम टाकू नका. दर दहा-बारा दिवसांनी एकच वाफा. मेथी महिनाभरात काढणीला येते, म्हणजे आठवड्याला दोघांपुरती ताजी मिळत राहील आणि बाईंसमोर एका दिवशी पाटीभर येणार नाही. पिशव्या वाटायच्या असतील तर वाटा, देण्यात आनंद असतो. पण ज्याला हवी त्यानं येऊन स्वतः काढून, स्वतः निवडून न्यावी.

उरलेल्या जागेत शेवगा, कढीपत्ता, लिंबू लावा, आणि बालाघाटच्या डोंगरातलं आपलं सीताफळ. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते उगाच नाही. मुरमाड जमिनीत, कमी पाण्यावर येतं, जनावरं पाला खात नाहीत. पाण्याचा विचार आपल्या भागात करायलाच हवा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते तुमच्यापासून फार लांब नाही. आज बोअर बरं आहे म्हणून पाच गुंठे मोकळ्या पाटानं भिजवणं मला पटत नाही. बारा वाफ्यांना ठिबक करा आणि वर आच्छादन टाका.

भेंडीबद्दल थोडक्यात. पानाच्या शिरा आधी पिवळ्या पडून मग सगळं पान पिवळं झालं असेल तर तो केवडा, विषाणूचा रोग. पांढरी माशी तो पसरवते. झाड बरं होत नाही, उपटून जाळा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 1985 साली परभणी क्रांती हा वाण याच रोगाला तोंड द्यायला काढला होता. पुढच्या वेळी बी घेताना रोगाला दाद न देणारा वाण मागा आणि फेब्रुवारीत टोका. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा. निंबोळी अर्क पाच टक्क्यांचा करा, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून. दुकानातलं दुसरं काही फवारायची वेळ आलीच तर वाफा पूर्ण सुकेपर्यंत वाघ्याला आत ठेवा, कारण पंजाला लागलेलं तो चाटतो. आणि शेतातलं किंवा बैलाच्या गोचिडांचं औषध अंदाजानं त्याच्या अंगाला चोळू नका. गावात हे सर्रास चालतं आणि कुत्री त्यानं मरतात. गोचीड कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत बघायची, औषध पशुवैद्यांनी वजन बघून दिलेलं वापरायचं.

मुलगा काळजीपोटी बोलतो. त्याला हे पत्र दाखवा, बारा वाफ्यांचं गणित सांगा, ठिबक आणि स्टूल त्याच्याकडून घ्या. त्यालाही काहीतरी केल्यासारखं वाटेल. पुण्याला आठ दिवस जरूर जा, बारा वाफे शेजारी सांभाळू शकतो, पाच गुंठे कोणी सांभाळत नाही. कायमचं जायचा निर्णय मात्र गुडघेदुखीच्या आणि उधळलेल्या मेथीच्या वैतागात घेऊ नका. तो घ्यायचाच असेल तर बाईंना आधी विचारा, मुलाला नंतर.

एक राहिलं. वाघ्याला रेबीजची लस कधी टोचली ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती दरवर्षी लागते. वर्ष उलटलं असेल तर याच आठवड्यात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा, जंताचं औषध त्याच फेरीत मागा, आणि उंदराच्या औषधाचं ते पाकीट खिशात घालून न्या.